आंब्याची फळी

विजयश्री लग्न होऊन परांड्याहून पिंपरीत आली तेव्हा तिचा नवरा नवनाथ एका पॅकिंगवाल्याकडं सुतारकाम करायचा. नवनाथचा हात सोन्यासारखा, पण माणूस अबोल. मालक देईल त्यात खूश. विजयश्रीचं तसं नव्हतं. काही वर्षं तिनं हे पाहिलं आणि एक दिवस म्हणाली, "दुसऱ्याच्या पेट्या ठोकण्यापेक्षा आपल्याच ठोकू की." चाकणजवळ महाळुंग्यात गेनूबाबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची जागा भाड्यानं घेऊन दोघांनी पत्र्याची शेड उभी केली आणि बिऱ्हाडही तिथंच हलवलं. कंपन्यांची यंत्रं परदेशी जातात, त्यांच्यासाठी लाकडी पेट्या करायच्या. करवत नवनाथची, बाकीचा सगळा कारभार विजयश्रीचा.

परदेशी जाणारं लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं, नाहीतर एका देशाची कीड दुसऱ्या देशाच्या रानात शिरते. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून नियम केलाय: लाकूड तापवा, त्यावर शिक्का मारा. शिक्क्यावरून कुठल्याही बंदरात कळतं, की ही पेटी कुणी बांधली. हा शिक्का मारायच्या परवानगीसाठी विजयश्रीनं पुष्कळ हेलपाटे घातले होते. शिक्का मारायचं काम ती आजही दुसऱ्या कुणाला देत नाही.

त्याच शिक्क्याचा माग काढत एका सकाळी पोलीस तिच्या दारात आले. अमली पदार्थविरोधी पथकाचे अधिकारी रविराज, त्यांचा एक सहकारी, आणि न्यूझीलंडच्या पोलिसांनी भारतात नेमलेली हेलन नावाची उंच, पिकल्या केसांची बाई. रविराजनी टॅबवर फोटो दाखवला.

"ऑकलंडच्या बंदरात ही पेटी पकडलीय. आत रबर कारखान्याचे रोलर होते. पोकळ रोलर. त्यांच्या पोटात मेथ, नशेची पावडर, भरलेली. शिक्का तुमचा आहे."

नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं. तो तिच्या कानाशी पुटपुटला, "शिक्का खोटा हाय म्हण. मोकळी हो."

विजयश्री फोटोकडं बघत राहिली. मग सरळ म्हणाली, "पेटी आमचीच आहे, साहेब."

"आणि ती बंदराकडं नेणारा टेंपोवाला?"

"रणजीत. आमचा नेहमीचा."

"त्याला काल ताब्यात घेतलंय."

रणजीत! पोरीला ताप आला तरी सुट्टी मागायला लाजणारा माणूस. विजयश्रीनं टॅब मागून घेतला आणि फोटो बोटांनी मोठा करून पेटीची एकेक बाजू पाहिली. एका कडेला ती थांबली.

"ही फळी आमची न्हाई," तिच्या तोंडून गावाकडचं निघून गेलं. "आमच्याकडं सगळं पाइनचं लाकूड. ही आंब्याची आहे, आणि कच्ची, न तापवलेली."

रविराजनी हे हेलनला सांगितलं तशी ती खुर्चीतून पुढं सरकली. ऑकलंडच्या तपासनिसांनी पेटी बाजूला काढली होती ती नेमकी याच फळीमुळं. फळीला बारीक भोकं होती आणि आत जिवंत अळी. तापवलेल्या लाकडात अळी कशी जगेल? म्हणून त्यांनी अख्खी पेटी रिकामी केली, रोलर एक्स-रेखाली घातले आणि माल हाती लागला. तिथं गाठ पडलेला धागा इथं येऊन सुटायला लागला होता.

विजयश्रीनं सगळं सांगितलं. रोलर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं गोडाऊन शिक्रापूर रस्त्याला होतं. पेटी मोठी, म्हणून ती स्वतः दोन माणसं घेऊन तिथं गेली होती. तिच्या डोळ्यांदेखत रोलर आत बसले, तिनं पेटी बंद केली आणि ती परतली. रणजीतनं पेटी उचलली ती त्यानंतर दोन दिवसांनी. मधल्या वेळात कुणीतरी रोलरमध्ये माल भरायला पेटी उघडली होती, उघडताना फळी फुटली आणि हाताला लागेल ती दुसरी ठोकली.

"गोडाऊन दाखवाल?" रविराजनी विचारलं.

"चला की."

तिनं लांबून गाडीतूनच गोडाऊन दाखवलं आणि पुढचं पोलिसांवर सोडलं. छाप्याची तयारी गुपचूप चालली होती. पण वास लागणाऱ्यांना लागलाच. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बुटातला एक माणूस शेडमध्ये आला, पेट्यांचे भाव विचारल्यासारखं केलं आणि जाताना म्हणाला, "ताई, न्यूझीलंड लांब आहे. चाकण जवळ आहे."

"म्हणून तर मी चाकणातच राहते," विजयश्री म्हणाली. "माझी माणसं इथंच आहेत."

तो गेल्यावर तिनं आधी शेडचं फाटक लावून घेतलं. मग रविराजना फोन लावला. संध्याकाळपर्यंत शेडपाशी दोन हवालदार आले. तिच्या सासूबाई शालनबाई हात जोडून म्हणाल्या, "कशाला गं वाघाच्या जाळीत हात घालतीस? आपुन पोटासाठी आलेली मानसं."

"आत्या, रणजीतपण पोटासाठीच आलाय. त्याची बायको कस्तुरा काल माझ्या पुढ्यात बसून रडली. तिला काय सांगू, मला भ्या वाटलं म्हणू?"

जागेचे मालक गेनूबाबा तेवढ्यात काठी टेकत आले आणि फाटकाशीच खाट टाकून बसले. "आमी हाय न्हवं हितं," ते म्हणाले. "येऊं द्या कोन येतंय त्ये."

कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गोडाऊनवर छापा पडला. व्यापारी आणि त्याचे दोन साथीदार सापडले, आणि अडगळीत आंब्याच्या फळीचा उरलेला तुकडा. त्याच्या कापल्या कडेचे फोटो ऑकलंडला गेले. मग सरकारी परवानग्या घेऊन तुकडाही गेला. तिथल्या प्रयोगशाळेत दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तेव्हा रेषेला रेष जुळली. तिकडच्या पोलिसांनी तिथं पकडलेल्या, माल मागवणाऱ्या आरोपीच्या फोनमधले निरोप इकडं धाडले. त्यात टेंपोवाल्याबद्दल लिहिलं होतं, "त्याला काही माहीत नाही, सांगूही नका." रणजीतचा संबंध नाही असं पोलिसांनीच कोर्टाला सांगितलं आणि तो सुटला.

विजयश्रीचं काम मात्र संपलं नव्हतं. ऑकलंडमध्ये माल मागवणाऱ्यावर खटला उभा राहिला आणि पुण्यातून व्हिडिओवर तिची साक्ष ठरली. तिकडं दुपार, इकडं जेमतेम उजाडलेलं. अबोली रंगाची साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसली. पडद्यावर न्यायाधीश, वकील आणि दुभाषी म्हणून मिनल नावाची नगरकडची मुलगी, लग्न होऊन तिकडंच स्थायिक झालेली. तिचं मराठी कानावर पडताच विजयश्रीला धीर आला.

आरोपीचा वकील गोड बोलून टोचणारा होता. "शिक्का तुमचा आहे. पेटी तुमची आहे. तुम्ही स्वतःला वाचवायला ही फळीची कहाणी रचलीत, असं मी म्हणतो."

"वाचवायचंच असतं तर पहिल्या दिवशीच शिक्का खोटा म्हणाले असते," विजयश्री म्हणाली. "शिक्का माझा, पेटी माझी. ती एक फळी माझी नाही."

"कधीतरी कमी पडलं म्हणून आंब्याचं लाकूड वापरलं असेल ना?"

"साहेब, माझ्या शेडमध्ये आंबा येतो तो फक्त डब्यातल्या लोणच्यात."

मिनलनं ओठ दाबत भाषांतर केलं. निवाडा करायला बसलेल्या ज्युरीच्या रांगेत हसू फुटलं, न्यायाधीशांनीही मान खाली घातली. वकिलानं आणखी बरंच फिरवून विचारलं, पण विजयश्री जे पाहिलं त्याच्या इकडं सरकली नाही, तिकडं सरकली नाही.

आरोपी दोषी ठरला. हेलन ते सांगायला मुद्दाम शेडवर आली. तिच्या गावात आईबाप या नशेच्या पायी गेल्यावर आज्या नातवंडं सांभाळतात, असं ती रविराजमार्फत सांगत होती. विजयश्रीला पिंपरीतला शेजारचा गणराज आठवला. डबल शिफ्ट मारायला म्हणून गोळ्या घ्यायला लागला आणि पंचविशीतच खंगून गेला. तिनंही ते सांगितलं. नवनाथनं मुकाट्यानं दोघींपुढं चहा ठेवला. "तू खरं बोललीस ते बरं झालं," एवढंच तो बायकोला म्हणाला. नवनाथच्या मानानं ते भाषणच होतं.

इकडचा खटला अजून चालू आहे. तिथंही साक्षीला तिचं नाव आहे. मध्ये काही कंपन्या बिचकल्या, ऑर्डरी थांबल्या. तिनं एकेका ठिकाणी स्वतः जाऊन झालं तसं सांगितलं आणि नवा नियम मांडला: पेटी बंद झाली की तिचं सील लागणार, आणि बंदरात शिरेपर्यंत तिचा माणूस सोबत राहणार. बहुतेक जण परत आले.

अवघड गेलं ते रणजीतला. टेंपो दारात उभा, पेटी चढलेली, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलेला.

"वहिनी, परत काही निघालं तर?"

विजयश्रीनं कमरेला पदर खोचला आणि ती केबिनमध्ये चढून त्याच्या शेजारी बसली.

"सोबतचा माणूस आज मी. काढ गाडी. इतक्या पेट्या पाठवल्या, पण बंदर कसं असतं ते मी अजून बघितलंच नाही."

रणजीतनं चावी फिरवली.