राख गाळलेलं पातळ

माझ्या शोधनिबंधांपैकी सर्वांत जास्त सायटेशन, म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या कामात घेतलेले दाखले, राखेवरच्या निबंधाला आहेत. मला त्याचा अभिमान आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तेव्हा अभिमान लपवायचं कारण नाही.

पीएच.डी.चा विषय मीच निवडला होता. साखर कारखान्यात उसाचा चोथा जाळून उरते ती राख सिमेंटमध्ये मिसळून ठोकळे करायचे आणि ते किती भार सोसतात ते बघायचं. धारूरच्या डोंगराखाली आमचं गाव. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. राखेला काय तोटा, असं वाटायचं. पण दुष्काळ पडला. होता तो ऊस चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला आणि जवळच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मार्गदर्शक म्हणाले, "राख नसेल तर विषय सोडा." विषय सुटला की शिष्यवृत्ती जाणार आणि मी घरी.

आई तेव्हा लांब, नदीकाठच्या एका कारखान्याला तोडीवर होती. मुकादमाच्या फोनवर तिला गाठलं.

"आई, बॉयलरखालची कोरडी राख आणशील का?"

"राख? कावून गं, चुलीतली संपली का?"

"चुलीतली नको. कारखान्याचीच पाहिजे."

हंगाम संपला. परतीच्या ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, सरपण आणि माझं पोतं. मांजरसुंब्याला चहाला उतरल्यावर बायांनी तिची लई थट्टा केली म्हणे. "लोकं साखर आणत्यात, ही बया राख घिऊन निघाली!"

"माझ्या लेकीला लागती," आई म्हणाली. "तुमच्या साखरंला कालेजात कोण इचारतंय?"

त्या राखेचे ठोकळे दुसऱ्यांच्या निबंधांत वाचलेल्यांपेक्षा पुष्कळ मजबूत निघाले. मला कारण कळेना. आईला विचारलं तर म्हणाली, "मी गाळून दिली ना. भांडे घासायला बी आपण चाळून घेतो, मंग कालेजात काड्या-कोळशासगट कशी द्यावी?" आख्खं पोतं तिनं नेसायच्या जुन्या सुती पातळातून वस्त्रगाळ केलं होतं. अर्धवट जळलेला कोळसा त्यात अडकून राहिला आणि खाली उतरली ती मऊ राख.

निबंध पाठवला. परीक्षकांनी एकच अट घातली: राख किती बारीक होती ते सांगा, नाहीतर छापणार नाही. राख तर ठोकळ्यांत संपलेली. कापडाची भोकं मोजणं एवढाच मार्ग उरला. मी गावी निरोप दिला, त्या पातळाचा तुकडा धाड.

एसटीच्या पार्सलनं तुकडा आला. जरीच्या बुट्ट्यांचा, इस्त्री केलेला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वीण इतकी घट्ट की त्यातून काही पडायचं नाही.

"आई, राख याच्यातून गाळली?"

"येडी का काय तू? ते फाटकं हाय. एवढ्या साहेब लोकांम्होरं फाटकं कसं धाडू? ह्यो माझ्या लग्नातला शालू."

तिनं शालू कापला होता.

"मला फाटकंच पाहिजे गं."

"ते आता वाकळंत गेलं."

मी गावी गेले. वडील त्याच वाकळेवर, जुन्या कपड्यांच्या गोधडीवर, अंगणात आडवे झाले होते. आई त्यांना म्हणाली, "उठा वो. तुमच्याखाली लेकीचं कालेज हाय."

वाकळेतून चौकोन कापून आणला, भोकं मोजली, निबंध छापून आला. पुढं माझं सगळं त्यावरच उभं राहिलं.

अजूनही फोनवर आई विचारते, "आता कितीजण झाले?" मी दाखल्यांचा आकडा सांगते. एकदा तिनं विचारलं, "ते लोकं कशानं गाळत्यात?"

"त्यांच्याकडं चाळण्या असतात. तुझ्या पातळाच्या मापाच्या."

ती थोडी थांबली. "बरं हाय. त्यांच्या मायांला न्हाई फाडावं लागत."

ती वाकळ आता माझ्याकडे आहे. कापलेल्या जागी आईनं शालूचा तोच तुकडा लावून दिलाय. बाकी वाकळ मऊ आहे, तेवढी शालूची जर गालाला टोचते. मी वाकळ उलटी करून घेत नाही.