रिकाम्या डब्याचा हुकूम

तुमचे हात धरून कोणी तुमच्या तोंडात वरणभात कोंबला, तर त्याला तुम्ही प्रेम म्हणाल? नुकत्याच बालवाडीत जाऊ लागलेल्या अडीच वर्षांच्या भाचीला आणायला परवा तिथे गेले. मदतनीस मावशींनी तिचे पाय गुडघ्यांत आवळले होते आणि गाल दाबून त्या चमचा आत सारत होत्या. ती ठसकली, भात नाकातून बाहेर आला. मी तिला हिसकावून घेतलं.

“मला काय हौस आहे?” मावशी म्हणाल्या. “तुमची ताईच सांगून गेलीय, डबा रिकामा आला पाहिजे.”

म्हणजे हुकूम आमच्याच घरचा. आता चमचा दिसला की पोर दोन्ही तळव्यांनी तोंड झाकते. नव्या जागेत रुळेपर्यंत मूल दोनच घास खाईल, पण ते स्वतःच्या हाताने खाऊ द्या. उद्या डबा देताना तुमच्याही मावशींना सांगा, उरला तर उरू द्या.