उजवी मूठ

मी तशी तापट. अंगणवाडीत पंचवीस पोरं नुसत्या डोळ्यानं गप्प बसवते, तिथं एका दुकानदाराची काय कथा! सोलापूरच्या त्या सायकलच्या दुकानात माझा आवाज तिसऱ्यांदा चढला होता. भांडण होतं हँडलच्या मुठीवरून. हाताएवढ्या रबराच्या तुकड्यावरून, हो!

आमचे हे बाजूला स्टुलावर बसले होते, उजवा हात खिशात घालून. वर्षभर तो हात खिशातच होता. कडबा-कुट्टीच्या यंत्रात त्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मोटरसायकलची रेस उजव्या हातानं पिळायची, ते जमेना, म्हणून गाडी चुलत दिराला देऊन टाकली. तेव्हापासून शेतापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. गावाची शीव म्हणून ओलांडायचे नाहीत. माझ्या भावानं त्याची गेअरची, जाड टायरची सायकल आणून अंगणात लावली, तर दोन महिने तिच्याकडं बघितलं नाही. मग एका सकाळी आपणच म्हणाले, "मुठी तेवढ्या बदलाव्या लागतील. ह्या लई बारीक हायत, हातात ऱ्हात न्हाईत."

मी त्याच दिवशी त्यांना घेऊन निघाले. तामलवाडीच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना ते म्हणाले, "हे एकदाच हां. हात बसला तर बसला. न्हाय बसला, तर परत सायकलचा विषय काढायचा न्हाय." त्यांचं 'न्हाय' म्हणजे न्हाय, हे मला वीस वर्षांच्या संसारात पक्कं कळलंय.

दुकानदारानं मुठींचे प्रकार काढून काउंटरवर मांडले. एक फोमची, ती घामानं भिजते म्हणाला. एक कडक रबराची, फारच बारीक. एक मागं पसरट, तळहाताला टेकू देणारी, पण तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी कडी आणि कडीला बोल्ट. आणि एक जाड, मऊ, नुसती दांडीवर ओढून बसवायची.

"ताई, बोल्टवाली घ्या," तो म्हणाला. "एकदा आवळली की फिरायचं नाव न्हाय. मऊ रबर कधी फिरंल सांगता येत न्हाय."

मी बोल्टवाली हातात धरली. आतल्या टोकाचं लोखंड तळहातात टोचल्यागत झालं. बाहेरचं टोक तर नेमकं त्यांची बोटं तुटली तिथंच येणार. थंडीत तिथं अजून ठणकायचं.

"लोखंड नको म्हणलं ना एकदा! ह्यांच्या हाताजवळ लोखंड नको!"

"अहो, हात त्यांचा हाय. त्यांना धरून बघू द्या की."

"तुम्ही गप बसा. मला कळतंय."

ह्यांनी खिशातून हात काढलाच नाही. "घे तुला पटंल ती," एवढंच म्हणाले. मी मऊ घेतली. दुकानदार बिचारा बसवायची तऱ्हा सांगत होता, ती मी अर्धीच ऐकली.

एवढा संताप कशाला, ते आता सांगते. त्या दिवशी कुट्टीत कडबा अडकला म्हणून ह्यांनी मोटार बंद करून आत हात घातला होता. बटण गोठ्याच्या दाराशी, भिंतीच्या अलीकडं; कुट्टी भिंतीपलीकडं. रोज त्या वेळेला ते मीच दाबायची. त्या दिवशीही दाबलं. आत वाकून बघितलं नाही, हाक मारली नाही. दवाखान्यात, पावण्या-रावळ्यांत, ह्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "लाईट अचानक आली." मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. वर्षभरात ते मला त्यावरून एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्यांच्या हाताकडं मला एकदाही सरळ बघता आलं नाही.

भावानं मुठी बसवल्या, उजव्या हाताला जोर पडू नये म्हणून मुख्य ब्रेक डावीकडं घेतला. आठ-दहा दिवस ते अंगणात आणि वस्तीच्या वाटेवर सायकल फिरवत होते. हात बसला होता! मी भाकरी थापता थापता दारातून बघायची.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड धुवायचं, करडीच्या तेलाचा हात द्यायचा, हळदकुंकू वाहायचं. विळी, कोयता, खुरपी, नांगराचा फाळ, सगळं मी पुसून मांडलं. कुट्टी तशीच पोत्याखाली झाकलेली राहिली. सायकल धुतली, झेंडूचा हार घातला. मुठी धुतल्यावर पांढुरक्या दिसत होत्या, म्हणून त्यांनाही तेलाचं फडकं फिरवलं. उजवीवर तर दोनदा, पार आतल्या कडेपर्यंत. काय माया आली होती मला त्या रबरावर! वाटलं, ह्या हाताला आता काही होऊ नये.

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाला गावातली सगळी गडीमाणसं ओढ्यापलीकडं आपट्याच्या झाडाकडं जातात. ओढा हीच गावाची शीव, आणि तिच्या आधी दगडगोट्यांचा उतार आहे. ह्यांनी नवी टोपी घातली आणि म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं, मी सायकलवर येतो." सोलापूरची ती एक खेप सोडली, तर वर्षानं पहिल्यांदा शीव ओलांडणार होते. बायका उताराच्या तोंडाशीच थांबतात. मी थांबले नाही, ओढ्यापर्यंत खाली गेले. चार जणींनी तोंडाला पदर लावला. लावा म्हणलं.

ते वर दिसले. सायकल हळू उतरायला लागली. एका दगडावरून उडाली, सावरली. दुसऱ्या दगडावर त्यांचा उजवा खांदा खाली गेला, त्यांनी मूठ परत घट्ट धरली. आणि मला दिसलं, मूठ धरलेल्या हातासकट दांडीवर गोल फिरत होती. तेल! अगं बया, तेल! मी वर धावत सुटले. पुढच्या हिसक्याला मूठ दांडीवरून सटकली आणि सायकल आडवी तुरीत घुसली.

माणसं धावली. मी पोचले तेव्हा ते उठून बसले होते. कोपर सोललेलं, टोपी कुठंतरी उडालेली. उजव्या हातात ती काळी मूठ तशीच धरलेली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि खिशात घातली.

"काय झालं रं?" माझ्या चुलत सासऱ्यांनी विचारलं.

"काय न्हाय, तात्या. कुत्रं आडवं आलं."

कुत्र्याचं नावनिशाण नव्हतं तिथं. परत तेच! परत माझ्यासाठी खोटं, परत मी गप उभी राहायची आणि परत वर्षभर खाली बघायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कुत्रं-बित्रं काय न्हाय!" मी ओरडले. "मुठीला तेल म्या लावलं! आन् त्या दिवशी लाईटबी आली नव्हती. बटण म्याच दाबलं व्हतं. ह्यांची बोटं माझ्या हातानं गेली, ऐकताय का सगळे?"

तात्यांच्या हातात आपट्याची फांदी होती, ती त्यांनी उगाच दुसऱ्या हातात घेतली. मी तिथंच तुरीत बसून हमसून हमसून रडले. ह्यांनी मला दंडाला धरून उठवलं, उजव्या हातानं. तीन बोटांचा तो हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला.

"चल," ते म्हणाले. "आधी शीव ओलांडू." सायकल हातात धरून आम्ही दोघं ओढा ओलांडून गेलो.

त्याच आठवड्यात परत सोलापूर. ह्या खेपेला मी दुकानाच्या पायरीवरच बसले. ह्यांनी दुकानदारासमोर हात खिशातून काढला, डोळे मिटून एकेक मूठ धरून बघितली आणि बोल्टवाली पसरट निवडली. टोचत नाही का, मी बाहेरून विचारलं. "टोचतं थोडं," म्हणाले. "पण कळतं तरी, हात कुठं हाय ते."

घरी येऊन त्यांनी दांडी रॉकेलनं पुसली, मूठ बसवली आणि टेकू तळहाताखाली बरोबर यावा म्हणून ती धरून बसले. दुसऱ्या हातानं बोल्टाचा पाना माझ्यापुढं केला.

"आवळ."

"तुम्हीच आवळा. मधी तुमचा हात हाय."

"म्हणूनच म्हणतोय. तू आवळ."

पाना बोल्टात दोनदा चुकला. "हात हाय हां," मी म्हणाले, "आवळू का?"

"व्हय," ते म्हणाले, "आवळ."

मग मी आवळला.