इस्त्री मास्तरांचा स्लॅब

इस्त्री मास्तरांनी वीटभट्टीवाल्याकडून घरावरचा स्लॅब फुकटात घालून घेतला आणि त्याच्या बदल्यात डोंगरावरची शाळा बुडवली, ही बातमी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली ते आता कोणीच कबूल करत नाही. न्हावी म्हणतो, पोस्टातल्या बाई बोलल्या. पोस्टातल्या बाई म्हणतात, मी कशाला बोलू, मला शिंपिणीनं सांगितलं. शिंपीण म्हणते, अहो, साऱ्या गावाला माहीत आहे, मी वेगळं काय सांगणार! अशा बातमीला आईबाप नसतात, पण बाळसं मात्र झपाट्यानं धरते. सुरुवातीला नुसत्या विटा होत्या. आठवड्यात त्यांत सिमेंट मिसळलं, पंधरवड्यात सळया आल्या, आणि महिना भरायच्या आत भट्टीवाल्यानं मास्तरांच्या बायकोला केलेल्या बांगड्यासुद्धा दोघातिघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

आता स्लॅब होता, हे खरं. शाळा बुडाली, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की मधली जागा लोक आपापल्या पदरच्या मालानं भरून काढतात.

मास्तरांना ‘इस्त्री’ हे नाव कसं पडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. मास्तर मूळचे वरचे, म्हणजे डोंगरावरचे. वरच्यांची बोली वेगळी, खालच्यांची वेगळी. सरकारची, कोर्टाची, बँकेची आणि सिनेमाची भाषा खालची. नवव्या वर्षी मास्तर खालच्या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी पाणी मागितलं आणि सगळा वर्ग हसला. काय चुकलं ते त्यांना कळलं नाही. हसू मात्र कळलं. त्या दिवसापासून त्यांनी जिभेला इस्त्री करायला घेतली. कपड्यांनाही तीच शिस्त. शर्टाची घडी अशी की तिच्यावर बोट कापावं, आणि वाक्य असं की छापखान्यातून नुकतं सुटलंय. भाजीवालीशीसुद्धा ते परिपत्रकासारखं बोलायचे. “ताई, ही भेंडी कोवळी आहे, याची आपण खात्री देता का?” ती म्हणायची, “मास्तर, खात्री तहसीलदार देतात, मी भेंडी देते.”

खालची मोठी माणसं त्यांना पाठीवर हात ठेवून म्हणायची, “तुम्ही वरचे वाटत नाही हो!” मास्तर कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचे आणि म्हणायचे, “आभारी आहे.”

घरात माणसं पाच. मास्तर, त्यांची बायको, दोन मुलं आणि आई. बायकोही वरचीच, पलीकडच्या उतारावरची. उंबऱ्याबाहेर सगळे खालचं बोलायचे, उंबऱ्याच्या आत वरचं. आईला मात्र बाहेरचं-आतलं काही नव्हतं. तिचा आवाज दरीच्या या काठावरून त्या काठावर निरोप पोचवण्यात घडलेला. ती चुलीला बोलायची, पातेल्याला झापायची, खिडकीतल्या मांजरीचं कूळ काढायची, आणि सगळं वरच्या बोलीत. तिनं तोंड उघडलं की मास्तर आधी उठून रस्त्याकडची खिडकी लावायचे.

तर झालं असं, की त्या वर्षी माणसांची मोजणी आली. राजधानीत कुठल्याशा पंख्याखाली बसून कोणीतरी ठरवलं, की ज्या बोलीचे बोलणारे दहा हजार भरतील, तिची पहिली-दुसरीची पुस्तकं आणि तिचे शिक्षक राहतील. जिचे भरणार नाहीत, ती ‘इतर’ या रकान्यात जाईल. साडेनऊ हजारांनी बोललेली आणि दोघांनी बोललेली, दोन्ही ‘इतर’. मागच्या मोजणीत वरची बोली दहा हजारांच्या जेमतेम वर होती. मधल्या काळात डोंगरावर रस्ता गेला होता. रस्ता वर गेला तो विकास न्यायला, असं फलकावर लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यानं माणसं खाली आणली. खाली नव्या कचेऱ्या उठत होत्या, कचेऱ्यांना विटा लागत होत्या, विटांना हात लागत होते. वरची शाळा होती, तोवर निदान पोरं तरी वर होती.

मोजणीचं काम मास्तरांना मिळालं, कारण दोन्ही बोली येणारा, नीटनेटक्या अक्षराचा दुसरा माणूस खात्याला सापडेना. आणि खोटं कशाला बोला, मास्तरांनी ते काम जीव ओतून केलं. वीस दिवस डोंगर चढले. बुटांचे तळ गेले. वर गेल्यावर जिभेची इस्त्री आपोआप मोडली, आणि त्यांना कित्येक वर्षांनी मोकळा श्वास आला.

वरच्या लोकांना आधी काही पत्ता लागेना. मास्तरांचा लहानपणीचा दोस्त, मेंढपाळ, काठीवर हनुवटी टेकून विचारता झाला, “भाषा मोजतात का रे? वजनावर की मापावर?”

“माणसांवर,” मास्तर म्हणाले. “दहा हजार भरले, तर शाळा राहील.”

“आणि मेंढ्या धरल्या तर? त्यांनाही हीच कळते.”

“गंमत नको. विचारतील तेव्हा आपली बोली सांगा. खालची येते म्हणून खालची सांगू नका. आईच्या मांडीवर जी शिकलात, ती सांगा. लाजू नका.”

हे ‘लाजू नका’ ते प्रत्येक अंगणात म्हणायचे. एका म्हातारीनं तर सांगितलं, “माझं दोनदा लिही. नवरा गेला, त्याच्या वाटणीचंही मीच बोलते.” एक जण खालच्या कचेरीत शिपाई होता, रजेवर आलेला. तो म्हणाला, “माझं खालचंच लिहा, साहेब लोक बघतात.” त्याला मास्तरांनी असा फैलावर घेतला, की तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, “लिहा बाबा वरचं, आणि हवं तर कपाळावरही लिहा.”

राहिलं एकच घर. मास्तरांचं. नियम असा, की मोजणाऱ्यानं स्वतःच्या घराचा तक्ता स्वतः भरायचा नाही. तो निरीक्षकानं येऊन भरायचा.

निरीक्षक साहेब आले दुपारी चारला. खालच्यातले खालचे, गोड बोलणारे, ‘तुम्ही वरचे वाटत नाही’वाल्यांचे मुकुटमणी. सोबत शेजारचे बँकेतले काकाही आले, सहज, चहाला. मास्तरांनी टेबलावर धुतलेलं कापड घातलं होतं. तक्ता पुढे ठेवला, नावं झाली, वयं झाली, शिक्षण झालं. आणि आतल्या खोलीत आईनं पातेल्याला झापायला सुरुवात केली. दूध उतू गेलं होतं, आणि तिच्या मते त्यात सगळा दोष पातेल्याच्या घराण्याचा होता.

निरीक्षकांनी मान वर केली. “आत कोण? कामवाली का?”

“नाही, नाही. आई.”

“हे कुठलं बोलतात त्या?”

 एका क्षणात मास्तरांना नवव्या वर्षीचा वर्ग दिसला, पाण्याचा माठ दिसला. आणि ते हसून म्हणाले, “वय झालं हो. दात राहिले नाहीत. बोलणं जरा अस्पष्ट होतं.”

“अरेरे,” बँकेतले काका म्हणाले. “कवळी बसवून घ्या. आमच्या मावशीला फार फरक पडला.”

निरीक्षकांनी पेन टेकवलं. “मातृभाषा आपलीच ना?”

“हो, आपलीच.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

पेन पाच वेळा चाललं. मास्तरांनी वर पाहिलं, तर दारात आई उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. त्या दातांनी ती अजून अक्रोड फोडायची. खालची भाषा तिला बोलता येत नसली, तरी समजत सगळी होती. तिनं ट्रे ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेली. पातेलंही गप्प झालं.

संध्याकाळी मास्तर आत गेले. म्हणाले, “आई, भूक लागली.”

आई वळली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा तिनं खालच्या भाषेत तोंड उघडलं. “मास्तर, बसा. भाकरी झाला. भाजी गरम करतो.”

मुलं खदखदून हसली. आजी नाटक करतेय, असं त्यांना वाटलं. बायकोनं मान खाली घातली. मास्तर म्हणाले, “आई, हे काय? घरात तरी...”

“सरकारात लिहून दिली ना तुम्ही,” आई म्हणाली. “मग खोटं पडायला नको.”

त्या दिवसापासून ती तसंच बोलायला लागली. मोडकं, लिंगवचनाच्या पाट्या उलटसुलट टांगलेलं. मुलाला ‘बाळा’ म्हणणं बंद झालं. ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’. चुलीशी ती बोलेना, मांजरीशी बोलेना. मास्तरांना आता खिडकी लावावी लागत नव्हती. रोज संध्याकाळी ते सवयीनं उठायचे, खिडकीपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे.

तक्त्यात दुरुस्ती करायला पंधरा दिवसांची मुदत होती. मास्तर तीनदा कचेरीत गेले. पहिल्यांदा कारकून जेवायला गेला होता. दुसऱ्यांदा रांगेत बँकेतले काका भेटले, त्यांनी कवळीची चौकशी केली. तिसऱ्यांदा मास्तर अगदी खिडकीशी पोचले. कारकुनानं विचारलं, “काय दुरुस्ती?” मागे आठ माणसं उभी होती, त्यांतल्या दोघांची मुलं मास्तरांच्या वर्गात होती. मास्तर म्हणाले, “काही नाही, रजेचा अर्ज कुठे द्यायचा?” घरी येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. हजारांच्या हिशोबात पाच माणसांनी काय होतंय!

सहा महिन्यांनी आकडे कचेरीच्या फलकावर लागले. मास्तरांनी चष्मा पुसला, वाचलं. पुन्हा पुसला, पुन्हा वाचलं. मग घरी आले आणि बूट न काढता खाटेवर बसले. बायकोनं विचारलं, “भरले का दहा हजार?” ते म्हणाले, “नाही.” “किती कमी?” ते वाकून बुटांचे बंद सोडायला लागले. पदर खोचून ती स्वतः फलक वाचून आली. आल्यावर ती सरळ शिवणयंत्राशी जाऊन बसली.

वरची शाळा खालच्या शाळेत ‘विलीन’ झाली. म्हणजे काय, तर वरच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, आणि सहा-सात वर्षांच्या पोरांनी रोज दोन तास उतरून खालच्या वर्गात पाणी मागायला यायचं. आठवडाभर आली. मग आईबापांबरोबर भट्टीवरच जायला लागली, तिथे निदान कोणी हसत नव्हतं. भट्टीवाल्याला आयते हात मिळाले. नेमका त्याच वेळी मास्तरांचा स्लॅब घालून झाला. त्यासाठी पाच वर्षं बायकोची शिवणाची कमाई आणि पतपेढीचं कर्ज लागलं होतं. पण न्हाव्याच्या दुकानात पतपेढीचं कर्ज कोणाला ऐकायचंय?

बायको चवताळली. “अहो, कर्जाचे कागद नेऊन त्या न्हाव्याच्या आरशावर चिकटवा. लाचखाऊ म्हणतात तुम्हाला!”

मास्तर म्हणाले, “म्हणू देत.”

आणि इथेच खरी मेख आहे. मास्तरांना ती अफवा सोयीची वाटायला लागली होती. लाच खाल्लेल्या माणसाकडे लोक वाकड्या नजरेनं बघतात, पण त्या नजरेत थोडा मान असतो, की गड्याला जमलं. दुकानदार खुर्ची पुढे करायला लागला होता. ‘घेतली नाही’ म्हणायला गेलं, तर पुढचा प्रश्न येणार, ‘मग झालं काय?’ तो प्रश्न अंगावर घेण्यापेक्षा भट्टीवाल्याच्या विटा बऱ्या.

एके सकाळी मेंढपाळ आला. बसला नाही. नव्या स्लॅबकडे पाहिलं, काठीनं भिंत ठोकली.

“पक्का आहे,” तो म्हणाला. “किती घेतलेस रे?”

मास्तरांनी शर्टाची घडी नीट केली.

“माझी नात भट्टीवर विटा उलटते. सहा वर्षांची आहे. मला म्हणालास, लाजू नका. आम्ही नाही लाजलो. सगळ्यांनी सांगितलं, एकूण एक. मग कमी पडले कसे? तू कागद बदललेस?”

“नाही.”

“मग पैसे घेतले नाहीत, असं सांग ना तोंडानं!”

 आतून आई आली. मेंढपाळ तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माझा मुलगा पैसे घेतली नाही.”

मेंढपाळ चरकला. “काकी, अशी का बोलतेस? हे कसलं बोलणं? मी आहे ना, ओळखलं नाहीस?”

“ओळखला,” आई म्हणाली. “या घरात आता हीच भाषा. विचार त्याला.”

मेंढपाळानं मास्तरांकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा मास्तरांकडे. त्यानं काठी उचलली आणि निघून गेला. वाटेत त्याला न्हाव्यानं हाक मारून विचारलं, “काय, कबूल केलं का?” तो डोंगराकडे चालतच राहिला. अफवा आहे तशीच राहिली.

भट्टीवाल्यानं मास्तरांना एक वीटही दिली नव्हती. फलकावरचा आकडा होता नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव.