काठ कुठला धरायचा

नकाशा छापून झाला की त्यावर उंचीच्या रेषा राहतात, उत्तरेचा बाण राहतो, कोपऱ्यात स्केल राहतं. तो करताना काय काय झालं ते कुठेच राहत नाही. ते आमच्याकडे साचतं. आमचं ऑफिस नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. जमिनीचे चढउतार मोजून नकाशे करणं हा धंदा. माणसं चारच: मालक मोकाशी सर, सीनियर सर्व्हेअर सलीमभाई, अमरावतीहून आलेली पल्लवी आणि मी. नकाशा कशानं चुकतो ते पुस्तकात सगळं दिलेलं आहे. आमचा अनुभव जरा वेगळा आहे, एवढंच.

* * *

मोजणी सुरू करायला एक दगड लागतो, ज्याची उंची आधीपासून माहीत असते. बाकी सगळ्या उंच्या त्याच्यावरून निघतात. एका गावात हा दगड देवळाच्या पारात बसवलेला होता. आम्ही त्याच्यावरून काम केलं आणि शेजारच्या गावाच्या जुन्या नकाशाला आमचा नकाशा जोडून पाहिला. तर गावातून खाली वाहत जाणारा ओढा शिवेवर पोचून हातभर वर चढत होता.

सर स्वतः गावात गेले. देवस्थानच्या अध्यक्षांना विचारलं, "इथला दगड हलवलात का?"

"छ्या. पार नवा केला, ग्रॅनाइट बसवलं. पण तुमचा दगड फेकला न्हाय साहेब. मानानं वर घेतलाय."

* * *

उंच्या बरोबर असल्या आणि नावं चुकली, तरी नकाशा चुकलाच. पल्लवी नवीन होती तेव्हा तिला गावातली नावं गोळा करायला पाठवलं होतं. तिच्याकडे वाहत्या पाण्याला नाला म्हणतात. तिनं एका आजोबांना विचारलं, "आजोबा, याचं नाव काय?"

"वढा हाय."

पल्लवीनं निळ्या अक्षरांत सुबक लिहिलं: 'वढा नाला'.

सरांनी नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आणि या डोंगराला काय म्हणतात?"

"टेकाड, सर. दोघातिघांना विचारून कन्फर्म केलं."

"छान. आता गावाला 'गाव' लिहा, म्हणजे प्रिंटला पाठवू."

* * *

खराडीत रस्त्याच्या कडेची मोजणी होती. उपग्रहाचा सिग्नल घेऊन जागा सांगणारं यंत्र आम्ही फूटपाथवर उभं केलं. दोन्ही बाजूंना काचेच्या उंच इमारती. अशा ठिकाणी सिग्नल काचेवर आपटून येतो आणि यंत्राला वाटतं आपण भलतीकडेच आहोत. स्क्रीनवर आमचा ठिपका रस्ता सोडून समोरच्या आयटी कंपनीच्या आत गेला.

गेटवरचा गार्ड आला. "इथं काय चाललंय?"

पल्लवीनं हौसेनं त्याला स्क्रीन दाखवली. हा रस्ता, ही तुमची बिल्डिंग, हा ठिपका म्हणजे आम्ही.

गार्डनं स्क्रीन पाहिली, बिल्डिंग पाहिली, आम्हाला पाहिलं. म्हणाला, "आत गेलाच कसे? पास दाखवा."

* * *

एप्रिलमध्ये दुपारी दुर्बिणीतून पाहिलं तर लांबच्या पट्टीवरचे आकडे पाण्यात असल्यासारखे हलतात. त्या वेळी रीडिंग घ्यायचं नाही, हा सलीमभाईंचा नियम. एकदा ते असेच झाडाखाली बसलेले असताना क्लायंट गाडीतून उतरला.

"काम का थांबलंय?"

"जमीन हलतेय साहेब. थांबली की घेतो."

* * *

एकदा उतारावरच्या प्लॉटचं काम होतं आणि माणूस कमी पडला म्हणून सर स्वतः फील्डवर आले. सलीमभाई यंत्रावर, सरांच्या हातात आरशाचा दांडा. दांडा जिथे टेकवाल तिथली उंची यंत्र काढतं, पण दांडा किती लांब आहे ते त्याला सांगावं लागतं. जेवण झालं, पुढे गवत उंच होतं, म्हणून सरांनी दांडा वाढवला. आणि सांगायचं राहिलं.

नकाशा गेला. मग आर्किटेक्ट ऑफिसात आले, फार खुशीत होते. "बाकी सगळा उतार आहे, पण मध्येच हा एक टप्पा काय सुंदर वर आलाय. निसर्गाची देणगीच. मी तिथे ओपन एअर थिएटर टाकतोय."

सर नकाशाची घडी घालू लागले. बोलले ते सलीमभाई.

"तो टप्पा जेवणानंतर आलाय साहेब."

* * *

हडपसरच्या पलीकडे एका नाल्याचं काम आलं. दर पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरायचं, म्हणून नाला रुंद करायचा होता. नाल्याचा खरा काठ कुठे आहे ते आम्ही नकाशावर दाखवायचं आणि काठापासून ठरावीक अंतरातलं बांधकाम निघायचं. अडचण अशी की लोकांनी वर्षानुवर्षं राडारोडा टाकून काठ आत ढकलला होता. डोळ्याला दिसायचा तो काठ राडारोड्याचा. मूळ मातीचा काठ त्याच्याखाली, बराच मागे.

त्या वस्तीत सलीमभाईंच्या मोठ्या बहिणीचं घर होतं. आम्ही त्यांना आपाच म्हणायचो. त्यांचं स्वयंपाकघर नाल्याच्या बाजूला. राडारोड्याचा काठ धरला तर ते वाचत होतं. मातीचा धरला तर जात होतं.

मी म्हटलं, "सलीमभाई, इथलं मी करते. तुम्ही पुढे चला."

"नको ताई. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून कराल."

त्यांनी पहार घेतली आणि स्वयंपाकघराच्या मागे स्वतः टोचत गेले. विटांचे तुकडे, फरश्या, पुन्हा विटा. भिंतीच्या अगदी जवळ आल्यावर पहार काळ्या मातीत गेली. ते तसेच वाकून थांबले. मग शेजारी पुन्हा टोचून पाहिलं. तिथेही मातीच. त्यांनी खूण केली आणि मला म्हणाले, "इथे दांडा धरा." मी धरला. त्यांनी रीडिंग घेतलं.

आपा मागच्या दारात उभ्या होत्या. सलीमभाई त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनीच सांगितलं, "आपा, हे स्वयंपाकघर जाणार."

आमच्यादेखत आपा मराठीतच बोलल्या. "हे अब्बांनी बांधलेलं आहे, सलीम."

"माहीत आहे."

"मग काठ थोडा पुढे धरता येत नव्हता?"

"मी धरीन, आपा. पाणी धरणार नाही."

आपा आत गेल्या. आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारून सगळ्यांना आत बसवलं. त्याच स्वयंपाकघरात. चहा आला. सलीमभाईंनी पहिला घोट घेतला आणि बहिणीकडे पाहिलं.

"साखर संपली," आपा म्हणाल्या.

आमचा चहा गोड होता. सलीमभाईंनी कप शेवटपर्यंत संपवला, बशी पुढे केली आणि म्हणाले, "आपा, अजून अर्धा दे."