प्रॉम्प्टरचं स्वतःचं मत

आमच्या नाटक कंपनीत भाऊ प्रॉम्प्टर होते. संहिता मांडीवर घेऊन विंगेत स्टुलावर बसायचे आणि अडलेल्या नटाला ऐकू जाईल, पण पहिल्या रांगेला जाणार नाही, एवढंच कुजबुजायचे. मी राणी असो की मोलकरीण, शब्द गेले की माझे डोळे आपोआप त्या विंगेकडे वळायचे. मला मिळालेल्या कितीतरी टाळ्या खरं तर त्यांच्या आहेत.

कंपनी बंद झाली आणि भाऊंनी चक्क कॉलेजात नाव घातलं. विषय काय, तर धर्म आणि तत्त्वज्ञान! वहिनी मला म्हणाल्या, "नाकावरचा चष्मा सापडत नाही यांना, आणि निघालेत देव शोधायला."

"मी शोधत नाही गं. लोकांनी कुठे कुठे शोधला, ते वाचतोय," भाऊ म्हणाले.

आणि रमले की हो! नातवंडांच्या वयाची मुलं त्यांच्याशी कडाकडा भांडायची, मग कॅन्टीनमध्ये चहाही पाजायची. सल एकच. विभागप्रमुख बाई म्हणायच्या, "आस्तिकाची बाजू सुरेख मांडता, नास्तिकाचीही. तुमची स्वतःची कुठली? ती ऐकल्याशिवाय तोंडी परीक्षेत पास करणार नाही." जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांभाळलेला माणूस तो. हबकलेच.

शेवटच्या वर्षाची ती परीक्षा सगळ्यांसमोर, दोघादोघांचा वाद लावून व्हायची. वहिनी आणि मी नटूनथटून मागच्या बाकावर. विषय होता, चांगलं वागायला देव लागतो का? भाऊ म्हणणार, लागत नाही. समोरची मुलगी म्हणणार, लागतो.

मुलगी झोकात सुरू झाली आणि मध्येच थांबली. ओठ हलेनात. ती शांतता मला ठाऊक आहे, जीव घेते मेली. तेवढ्यात ओळखीची कुजबुज त्या लहानशा वर्गात मागच्या बाकापर्यंतही पोचली. "कुणी बघत नसताना माणूस चांगला का वागेल?" मुलीने ते वाक्य झेललं आणि असं फेकलं, की अख्खा वर्ग सावरून बसला.

"घ्या! मारला स्वतःच्याच पायावर धोंडा," वहिनी पुटपुटल्या.

बाई म्हणाल्या, "ऐकलं हं मी. आता तुम्हीच पुरवलेल्या प्रश्नाला उत्तर द्या."

भाऊंनी सवयीने बाजूला पाहिलं. तिथे नुसती भिंत. मग म्हणाले, "तुम्हाला ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं, बाई. म्हणजे कुणी बघत नव्हतंच. ही अडली तेव्हा मला देव आठवला नाही, मार्कही आठवले नाहीत. राहवलं नाही, एवढंच. चांगुलपणा तिथूनच येतो, असं माझं मत आहे." थांबून पुन्हा म्हणाले, "माझं."

"पण आजोबा, ते न राहवणं तुमच्यात घातलं कुणी?" मुलगी तडक म्हणाली.

"अगं, तुला सावरलं आणि तूच उलटतेस?"

हसू आवरत बाई म्हणाल्या, "पास. दोघंही. उरलेलं भांडण बाहेर करा."

ते अजून चालू आहे. मुलगी दर रविवारी भाऊंच्या घरी वाद घालायला येते, आणि वहिनी तिच्या बाजूने आहेत.