पदराच्या गाठीतलं मीठ

सेलूहून मानवतकडे जाणाऱ्या एसटीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात मला डुलकी लागली होती. बस पाण्यावरून तरंगत चालल्यासारखी वाटत होती. मधेच डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी कळवळले.

शेजारी माझ्या आईच्या वयाची बाई बसली होती. कापूस वेचायला निघालेली. केसांत कालचा कापूस तसाच. काही न विचारता तिनं माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मोठ्या माणसाला पाय लागतोय म्हणून मी आखडले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाई. ढिला सोड."

पायाची बोटं माझ्याकडे वळवून धरत ती पोटरी चोळत राहिली. पीठ मळावं तसा तिचा हात संथ फिरत होता. गोळा कधी उतरला, कळलंच नाही. मग पदराची गाठ सोडून तिनं चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवलं.

"पानी कमी पितीस तू. याच्यावर लय पानी पी."

"तुम्हालाही येतात गोळे?"

"रोजच."

"मग तुम्ही पाणी पीत नाही?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. पानं झडलेली कापसाची पऱ्हाटी, लांबवर एक झाड नाही.

"आमाला दिवसभर वावरात ऱ्हायचं असतंय. बाईमानसाला आडोसा कुठं हाय तिथं?"

तिचा फाटा आला. ती उतरताना मी माझी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, हसली.

बस हलल्यावर मागं पाहिलं. एक टाच मातीत रोवून, गोळा उतरायची वाट बघत ती उभी होती. बाटली काखेत होती, झाकण न उघडलेली.